बोटीच्या प्रवासाला आहेर कोणता?

आमचे एक निवृत्त सहकारी सपत्नीक मुंबई-गोवा क्रूझला प्रथमच निघाले, तेव्हा शाल, साडी, फोटोफ्रेम देण्याची टूम निघाली. आम्ही म्हटले, हे ओझे वाहणार कोण? कोकणबोटीच्या काळी वळकटी लागे. आता अंथरूण, टॉवेल बोटीवरच मिळतात. केबिन मात्र बेताची. बहुतेक केबिनच्या भिंती पोलादी, म्हणून आम्ही चुंबकाचे चार हुक दिले, मळमळीवर आलेपाक दिला. इस्त्री, मेणबत्ती आगीच्या भीतीने चालत नाही. बंदरावर सोपवलेली बॅग केबिनमध्ये उशिरा येते. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, ओळखपत्र हातपिशवीत ठेवायला बजावले. बंधू-भगिनींनो, जन्मभराच्या काटकसरीतून घडलेला हा प्रवास. त्यावर आपल्या आहेराचा भार कशाला?