शस्त्रांचें स्नान

औशाहून नांदेडास जावयाचें म्हणजे लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा असा सरळ रस्ता आहे. सकाळीं निघालेला प्रवासी दुपारच्या जेवणास सहज नांदेड गांठतो. मीं मात्र दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या आधीं हाच प्रवास दोन दिवसांत केला. कारण मला वाटेंत जुन्या तोफा पाहावयाच्या होत्या आणि नांदेडास शस्त्रांचें स्नान पाहावयाचें होतें. ज्याचा जन्म रूपावली आणि समासचक्र पाठ करून घेण्यांत गेला, त्या पंतोजीस उतारवयांत तोफाबंदुकांचें हें वेड कोठून लागलें, असें वाचक विचारतील. त्याचें कारण आमच्या घरची एक जुनी बंदूक होय. आणि तिची हकीकत आधीं सांगितल्यावांचून पुढील प्रवासाचा हेतु ध्यानांत यावयाचा नाहीं.

आमचा वाडा औसा तालुक्यांतील एका लहानशा गांवीं आहे. आजोबांच्या वेळेपासून घरांत एक ठासणीची बंदूक होती. हिच्या तोंडांतून दारू घालावयाची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हां बोळा, आणि हें सर्व लोखंडी गजानें ठासून बसवावयाचें. बुडाशीं बारीक भोकाच्या एका नळीवर तांब्याची टोपी बसवावयाची, आणि चाप ओढला कीं घोडा तिच्यावर पडून आंत ठिणगी जाते. रानडुकरांपासून ज्वारी आणि भुईमूग राखण्यासाठीं खेड्यांतून अशा बंदुका असत. १९५९ च्या शस्त्रकायद्यांतहि पिकांच्या रक्षणासाठीं लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा निराळा उल्लेख केलेला आहे. आजोबांनीं ती वापरली, वडिलांनीं क्वचित् वापरली, आणि थोरले बंधू केवळ परवान्याची मुदत तेवढी वाढवून घेत. वर्षाचे तीनशेंचौसष्ट दिवस ती माजघराच्या भिंतीवर असे. आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, ती खालीं उतरे. पाटावर विळे, कोयते, अडकित्ता यांच्या शेजारीं ती मांडावयाची, हळदकुंकू वाहावयाचें, झेंडूचीं फुलें घालावयाचीं, आणि मुलाबाळांनीं ओळीनें नमस्कार करावयाचा, असा परिपाठ होता. आदल्या दिवशीं तिला तेल लावण्याचें काम माझ्याकडे असे. खोबरेलाचा बोळा मीं तीस वर्षें तिच्या नळीवरून आणि तोंडाच्या आंत बोट जाईल तेवढ्या भागांतून निष्ठेनें फिरविला. आपण घरची वस्तु नीट राखिली, असा मला अभिमान होता.

त्या वर्षीं वैशाखांत थोरले बंधू वारले. परवाना त्यांच्या नांवाचा. तेव्हां बंदूक पोलीस ठाण्यांत जमा करणें भाग होतें. पुतण्यानें त्यापूर्वीं एका परवानाधारक कारागिरास घरीं बोलाविलें. त्या वृद्ध गृहस्थानें बंदूक हातीं घेतली ती तिचें तोंड भिंतीकडे करून. टोपी नाहीं हें पाहून घेतलें. नंतर गज नळींत सोडला, तोंडापाशीं जेथपर्यंत तो आला तेथें नखानें खूण केली, आणि गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहिला. त्याचें टोंक बुडापर्यंत पोहोंचेना. चांगलें चार बोटें अंतर राहिलें. त्यानें दुसऱ्यांदां तसेंच करून पाहिलें, आणि शांतपणें म्हणाला, "गुरुजी, ही भरलेली आहे."

ती कोणी भरली, केव्हां भरली, हें सांगणारें आतां कोणीच उरलेलें नाहीं. काळी दारू कोरडी राहिली तर अनेक वर्षें जिवंत राहते, हेंहि त्यानेंच सांगितलें. वहिनी दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, दर खंडेनवमीस मुलें हिच्या तोंडाशींच वाकत होतीं." एवढेंच बोलून त्या आंत गेल्या. मला उत्तर सुचलें नाहीं. आजहि सुचत नाहीं.

कारागिरानें नळींत पाणी ओतलें आणि बंदूक रात्रभर तशीच अंगणांत ठेविली. दुसऱ्या दिवशीं गजाच्या टोंकास मळसूत्री आंकडा लावून त्यानें बोळा उपसला, छर्रे काढले, आणि शेवटीं काळा चिखल बाहेर आला. मग त्यानें बंबांतलें कढत पाणी मागितलें. मीं विरोध केला. लोखंडास पाणी लागूं द्यावयाचें नाहीं, हें आम्ही लहानपणापासून ऐकलेलें. तो म्हणाला, "गुरुजी, मीठ तेलानें धुवून निघतें काय?"

या एका प्रश्नानें माझें तीस वर्षांचें अज्ञान उघडें पडलें. काळ्या दारूंत तीन चतुर्थांश सोरा असतो, आणि उरलेला कोळसा व गंधक. ती जळली म्हणजे सर्वच्या सर्व धूर होऊन जात नाहीं. वजनानें निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें मागें राहतो, आणि त्याचा लेप नळीच्या आंतल्या अंगास बसतो. त्यांत आपल्या वैद्यकांतील यवक्षाराच्या जातीचे क्षार असतात. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीस पाणी सुटतें, तसे हे क्षार हवेंतील ओल शोषून घेतात आणि लोखंड गंजवितात. तेलांत ते विरघळत नाहींत. त्यांवर तेल लावणें म्हणजे मळ झांकून ठेवणें होय. पाण्यानेंच ते विरघळतात. आणि पाणी कढत असावें याचें कारण असें कीं, त्यानें लोखंड तापून उरलेली ओल आपली आपणच उडून जाते.

त्यानें टोपीची बारीक नळी किल्लीनें सोडवून निराळी धुतली आणि तिचें भोंक सुईनें मोकळें केलें. नळीचें बूड पाण्याच्या बादलींत धरून, गजाला चिंधी गुंडाळून, तो ती वरखालीं करूं लागला. पहिलें पाणी शाईसारखें निघालें, त्याला कुजक्या अंड्यासारखा दर्प होता. सहाव्या वेळीं तें स्वच्छ आलें. नंतर कोरड्या चिंध्या, त्या पांढऱ्या निघेपर्यंत; आणि सर्वांच्या शेवटीं पातळ तेलाचा एक हात. दोनतीन दिवसांनीं पुन्हां एक चिंधी फिरवून पाहावी, तांबूस निघाली तर सर्व पुन्हां करावें, आणि बंदूक तोंड खालीं करून ठेवावी, म्हणजे तेल ओघळून बुडाशीं सांचत नाहीं, असेंहि त्यानें बजावलें. उजेडाकडे धरून नळींत पाहिलें तेव्हां बुडाजवळ गंजानें खाल्लेले खोल खळगे दिसले. "आतां ही उडवूं नका," तो म्हणाला. "नळी फुटेल."

रात्रीं मला झोंप आली नाहीं. षोडशोपचार पूजेंत आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन यांच्या मागून स्नान येतें, आणि तें झाल्यावर वस्त्र, उपवीत, गंध, पुष्प. ही पूजा मीं शेंकडों वेळां सांगितली असेल. देव्हाऱ्यांतील बोटाएवढ्या बाळकृष्णास आम्ही रोज न्हाऊं घालतों. आणि ज्या वस्तूंत मृत्यु भरून ठेविलेला होता, तिला मात्र स्नानावांचून गंध आणि फूल. बंदूक ठाण्यांत जमा झाली. आश्विनांत खंडेनवमीस तिचा पाट रिकामा राहिला. तेव्हां दिवाळीच्या सुमारास नांदेडच्या गुरुद्वारांत तख्तस्नान होतें आणि गुरु गोविंदसिंहांच्या शस्त्रांचीहि सेवा होते, याची आठवण होऊन मीं प्रवासाचा बेत केला.

प्रथम औशाचाच किल्ला पाहिला. जन्मभर त्याच्या शेजारीं राहिलों, पण तेथील तोफांकडे असें लक्ष देऊन कधीं पाहिलें नव्हतें. तोफ ही जातीनें ठासणीची बंदूकच. लढाईंत प्रत्येक बारामागून ओला कुंचा तिच्या तोंडांतून बुडापर्यंत फिरवीत, म्हणून पाण्याची बादली तोफेजवळ ठेवावी लागे. आंत एखादी ठिणगी राहिली आणि वर नवी दारू पडली, तर गोलंदाजाचाच प्राण जावयाचा. १७६० सालीं याच प्रदेशांत उदगीर येथें सदाशिवरावभाऊंनीं निजामास नमविलें, त्या लढाईंतील तोफांच्या शेजारींहि पाण्याच्या बादल्या असल्याच पाहिजेत. परंतु आपल्या इतिहासकथांत तोफांचा गडगडाट तेवढा ऐकूं येतो. आज औशाच्या तोफेच्या तोंडांत हात घातला तो खडे आणि वाळलेलीं पानें लागलीं.

लातुराहून अहमदपूर ओलांडून पुढें गेलें म्हणजे मार्गशीर्षांतील खंडोबाच्या यात्रेसाठीं प्रसिद्ध असलेलें माळेगांव लागतें. तेथून पुढें लोह्यास मुख्य रस्ता सोडून मी कंधारास गेलों. मन्याड नदीच्या कांठचें हें गांव राष्ट्रकूटांच्या काळीं वैभवांत होतें. जगत्तुंगसमुद्र हें त्या काळच्या तलावाचें नांवच त्याची साक्ष देतें. किल्ल्याभोंवतीं रुंद खंदक आहे. येथेंहि तटावर तोफ पाहिली. तिच्या पाठीवर पोरांनीं नांवें कोरलेलीं होतीं. मुक्काम एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं केला आणि दुसऱ्या दिवशीं नांदेड गांठलें.

नांदेड हें गोदावरीकांठचें क्षेत्र. गुरु गोविंदसिंह १७०८ सालीं येथें आले, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं येथेंच देह ठेविला. त्या स्थानावर महाराजा रणजितसिंहानें १८३२ ते १८३७ या काळांत आजची इमारत उभारविली. शिखांच्या पांच तख्तांपैकीं हें एक होय. आंतल्या गाभाऱ्यांत गुरूंचीं शस्त्रें ठेविलेलीं आहेत. सोन्याची कट्यार, पांच तरवारी, दोन धनुष्यें, पस्तीस बाणांचा भाता, रत्नजडित पोलादी ढाल, आणि त्यांतच एक तोड्याची बंदूक आहे. म्हणजे आमच्या बंदुकीची पणजीच म्हणावयाची, टोपीच्या ऐवजीं जळत्या वातीनें उडणारी. सायंकाळच्या आरतीनंतर शस्त्रांचें दर्शन घडवितात, आणि एकेकाचें नांव व हकीकत सांगतात. मीं मागें गर्दींत उभा राहून तें ऐकिलें.

तेथें पहाटे गोदावरीचें पाणी घागरींतून आणून गाभारा धुण्याचा नित्यक्रम आहे, हें मला ठाऊक नव्हतें. तख्तस्नानाच्या दिवशीं हेंच मोठ्या प्रमाणावर होतें. नदीपासून तख्तापर्यंत माणसांची रांग, प्रत्येकाच्या खांद्यावर घागर, म्हातारे आणि पोरें एकत्र. पंजाबी, दखनी आणि मराठी अशा तिन्ही भाषा एका रांगेंत ऐकूं येत होत्या. पायऱ्या, फरशी, भिंती सर्व धुवून निघत होतें. शस्त्रांची सेवा आंत त्या कामाचे अधिकारीच करतात. ती मला दिसली नाहीं, आणि दिसावी असा आग्रहहि मीं धरला नाहीं. मला पाहावयाचें होतें तें बाहेरच दिसलें. ज्या वस्तूंस हे लोक सर्वाधिक मान देतात, त्यांच्यासाठीं वर्षांतून एक दिवस हातांत फूल न घेतां पाण्याची घागर घेतात. मींहि एक घागर मागितली. खांदा दोन दिवस दुखला.

त्या रात्रीं धाकट्या बंधूंचा मुलगा अमेरिकेहून दूरध्वनीवर बोलला. त्याला हें सर्व सांगितलें तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, इकडे शेजारचा शिकारी अजून ठासणीचीच बंदूक वापरतो!" तिकडील अनेक संस्थानांत ठासणीच्या बंदुकांसाठीं शिकारीचा निराळा हंगाम असतो, म्हणून जुन्या तत्त्वावर नव्या बंदुका करतात. १९८५ सालीं नाइट नांवाच्या कारागिरानें जो नमुना काढला, त्यांत टोपी नळीच्या ठीक पाठीमागें सरळ रेषेंत बसते, आणि बुडाची खीळ मळसूत्रानें उघडून नळी मागच्या बाजूनें साफ करतां येते. वर दुर्बीण बसविलेली असते. तिच्या कांचेवरील धूळ आधीं मऊ कुंच्यानें उडवावी, मगच कांच पुसावी, नाहींतर कणांनीं ओरखडे उठतात. खिळीच्या आट्यांस वंगण न लावल्यास ती कायमची अडकून बसते. परंतु एवढ्या सुधारणा होऊनहि काळी दारू वापरली तर त्याच दिवशीं पाण्यानें किंवा पाणी असलेल्या द्रावणानें धुण्याचा नियम मात्र तोच आहे, असें तो म्हणाला.

ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित बंदूक असेल त्यांस माझें एवढेंच सांगणें आहे. ती रिकामीच असेल असें समजूं नये, तिचें तोंड कोणाकडे करूं नये, आणि परवान्याची स्थिति पाहून ती जाणत्या कारागिराकडूनच तपासून घ्यावी. स्वतः शहाणपण करूं नये. मीं तीस वर्षें केलें.

गेल्या वर्षीं परवाना पुतण्याच्या नांवावर झाला आणि बंदूक घरीं आली. यंदाच्या खंडेनवमीस पाट मांडला. पुतण्यानें ती भिंतीकडे तोंड करून धरली. मीं संवयीनें तेलाची वाटी उचलली, तों वहिनी स्वैपाकघरांतून कढत पाण्याची कळशी घेऊन आल्या, आणि ती खालीं ठेवीत म्हणाल्या, "भाऊजी, आधीं गज घालून पाहा."

मीं वाटी ठेविली आणि गज घेतला. तो बुडापर्यंत गेला. मग आम्हीं तिला स्नान घातलें.