पोलो, टर्बो आणि मी

‘तीनच सिलिंडर? रिक्षा घेतेयस का?’ बाबांनी उडवलीच. मला हवी होती २०२१ची, आपल्या चाकणला बनलेली सेकंडहँड पोलो टीएसआय. इंजिन जेमतेम ९९९ सीसीचं, पण पॉवर ११० पीएस! बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. खंबाटकी घाटात हे बरोब्बर कळतं. फक्त, मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारणारा हा पंखा तगतो इंजिन ऑइलच्या जिवावर. गॅरेजवाले काका म्हणाले, ‘ताई, रंग नंतर बघा, आधी सर्व्हिस रेकॉर्ड.’ तीन चकाचक गाड्या सोडल्या. चौथीचं ऑइल दरवर्षी बदललेलं. पोलो भारतात २०२२ मध्येच बंद झाली. पण याच घराण्यातलं इंजिन टायगुन, व्हर्टसमध्येही आलं. दोन लेखांचे चेक वटले, टोकन देऊन टाकलं.