सेस्ना १७२ चे पॅनेल : एका मालकाचा अनुभव

सेस्ना १७२ हे चार आसनांचे, एका इंजिनाचे विमान १९५५ मध्ये प्रथम उडाले. आजवर अशी ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली असून एवढ्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बांधले गेलेले नाही. १९८६ मध्ये थांबलेले उत्पादन पुढे दहा वर्षांनी पुन्हा सुरू झाले. त्यामुळे अमेरिकेत खासगी खरेदीदाराला परवडेल अशा किमतीत जे १७२ मिळते, ते बहुतेक वेळा चाळीस-पन्नास वर्षांचे असते. ॲल्युमिनियमचा सांगाडा नीट सांभाळला तर टिकतो आणि इंजिन ठरावीक तासांनंतर उघडून नव्यासारखे करता येते. विमानाचे वय खरे दिसते ते वैमानिकासमोरच्या पॅनेलमध्ये. तिथे मालकाला स्वतः निवड करावी लागते, आणि पैसाही तिथेच सर्वांत वेगाने संपतो.

प्रस्तुत लेखकाचे विमान १९७५ चे १७२ एम आहे. १५० अश्वशक्तीचे लायकमिंग इंजिन, सुमारे ११० नॉटचा वेग आणि सर्व भारासह २,३०० पौंडांची मर्यादा. ते कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे, सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराला लागून असलेल्या छोट्या विमानतळावर दोरांनी बांधलेले असते. या मुक्कामाचा उपकरणांच्या निवडीशी थेट संबंध आहे. वायव्येला सान फ्रान्सिस्को आणि आग्नेयेला सान होजे ही मोठी विमानतळे असल्याने आसपासचे बरेचसे आकाश नियंत्रित आहे. उन्हाळ्यात पॅसिफिकवरून येणारा सखल ढगांचा थर रात्री किनारा आणि खोरी झाकून टाकतो व दुपारपर्यंत विरतो. हा थर सहसा एक-दोन हजार फूट जाडीचा असतो, त्याच्या वर लख्ख ऊन असते. मॉन्टेरे किंवा सॅलिनासला सकाळी जायचे तर ढगांतून खाली उतरण्याचा परवाना आणि तशी उपकरणे दोन्ही हवीत. पूर्वेला सिएरा नेव्हाडाची रांग आहे. ती ओलांडताना १०,००० फुटांच्या वर जावे लागते आणि डोंगरांमुळे जमिनीवरच्या केंद्रांचे संदेश अडतात.

लहान विमानाचे दिशाशोधन फार काळ होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा यांवरच चालले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते याच साधनांच्या भरवशावर. होकायंत्र आजही प्रत्येक विमानात असावेच लागते, कारण त्याला वीज लागत नाही. मात्र विमान वळत असताना किंवा वेग बदलत असताना ते चुकीची दिशा दाखवते, म्हणून सरळ आणि स्थिर उड्डाणातच त्याच्यावर विसंबावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत व्हीओआर केंद्रांचे जाळे उभे राहिले. व्हीओआर केंद्र १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच वेळी दोन संकेत पाठवते. त्यांपैकी एक सर्व दिशांना सारखा असतो, दुसऱ्याची कला (फेज) दिशेनुसार बदलते. विमानातला रेडिओ दोन्हींतला फरक मोजतो आणि आपण केंद्राच्या ३६० पैकी कोणत्या अंशरेषेवर आहोत हे सुईने दाखवतो. ही पद्धत साधी आणि भक्कम आहे, पण तिचे संदेश सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात १,००० फूट उंचीवर ते सुमारे ३९ नॉटिकल मैलांपर्यंत मिळतात, डोंगराआड मिळतच नाहीत. याच पट्ट्यात विमान उतरवण्यासाठीच्या आयएलएस यंत्रणेचा आडवा मार्गदर्शक संकेत असतो आणि उतरणीचा संकेत ३३० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. दोन्ही मिळून विमानाला ढगातून धावपट्टीपासून २०० फूट उंचीपर्यंत आणतात.

जीपीएसची उपग्रहमालिका १९९५ मध्ये पूर्ण झाली. नागरी संकेतात हेतुपुरस्सर ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. पण लहान विमानांच्या दृष्टीने मोठा बदल घडला तो जुलै २००३ मध्ये, वास ही पूरक यंत्रणा सुरू झाल्यावर. जमिनीवरची निरीक्षण केंद्रे जीपीएसमधील चूक सतत मोजतात आणि दुरुस्तीची माहिती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांपर्यंत पोहोचवली जाते. वासचा संकेतग्राहक असलेले विमान एलपीव्ही नावाच्या पद्धतीने आयएलएससारखेच खाली उतरू शकते, आणि काही धावपट्ट्यांवर तर तितक्याच २०० फुटांपर्यंत. त्यासाठी त्या विमानतळावर एकही अँटेना उभारावा लागत नाही. ज्या गावाला आयएलएसचा खर्च कधीच झेपला नसता, तिथे आज ढगांतून सुरक्षित उतरता येते. गेल्या अर्धशतकात लहान विमानाला मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, असे प्रस्तुत लेखक मानतो. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ ही भारतीय यंत्रणा याच तत्त्वावर चालते. महाराष्ट्रातल्या लहान धावपट्ट्यांना तिचा उपयोग मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांपेक्षा जास्त आहे.

जुने १७२ विकत घेताना पॅनेलमध्ये जे सापडते ते या सगळ्या पिढ्यांचे थर असतात. लेखकाच्या विमानात तेव्हा एडीएफ हा जुन्या पिढीचा, न चालणारा दिशाशोधक होता, केएक्स १५५ हा संवाद व दिशाशोधन असे दोन्ही करणारा रेडिओ होता, त्याहून जुना एक दुसरा रेडिओ होता आणि रडारला उत्तर देणारा ट्रान्सपाँडर होता. इंजिनावरच्या निर्वात पंपावर चालणारे क्षितिजदर्शक आणि दिशादर्शक होते. जीपीएस नव्हता. केएक्स १५५ चे नारिंगी आकडे वयानुसार मंद होत जातात, तसे झाले होते. पण रेडिओ उत्तम चालत होता आणि त्याला उतरणीचा संकेत पकडणारा भागही होता.

प्रमाणित विमानात मालकाला आवडेल ते उपकरण बसवता येत नाही. ते त्या प्रकारच्या विमानासाठी मान्य असावे लागते, ती मान्यता कागदावर दाखवावी लागते आणि मोठ्या बदलाची नोंद एफएए या अमेरिकी विमानवाहतूक नियामक संस्थेच्या ३३७ क्रमांकाच्या अर्जावर करावी लागते. घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानाला हे बंधन सैल असते, म्हणून तसेच उपकरण तिथे बरेच स्वस्त पडते. जुन्या प्रमाणित विमानांचे मालक वर्षानुवर्षे याबद्दल खंत करत आले. २०१६ पासून चित्र बदलले. मूळ प्रायोगिक विमानांसाठी तयार झालेली छोटी इलेक्ट्रॉनिक उपकरणे जुन्या विमानांसाठीही मान्य होऊ लागली, आणि गार्मिन कंपनीचे जी ५ त्यांतलेच एक. एक नवी सक्ती मात्र १ जानेवारी २०२० पासून आली. मोठ्या विमानतळांभोवतीच्या ३० नॉटिकल मैलांत आणि १०,००० फुटांच्या वर उडायचे, तर विमानाने आपले स्थान स्वतःहून प्रसारित करणारी एडीएस-बी यंत्रणा बाळगावी लागते. पालो अल्टोच्या विमानाला त्यातून सुटका नाही.

दुकानात दरपत्रक मागितले की पहिला प्रस्ताव सहसा मोठ्या स्पर्शपडद्याचा येतो. लेखकालाही तोच आला. जुने सर्व काढायचे आणि जीपीएस, व्हीओआर, आयएलएस व संवाद हे सगळे एकाच पेटीत आणायचे. असे उपकरण उत्कृष्ट असते, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न वेगळा आहे : ती एक पेटी बंद पडली तर ढगात असलेल्या वैमानिकाकडे काय उरते? उपकरणांची निवड या प्रश्नापासून सुरू करावी, पडद्याच्या आकारापासून नव्हे. लहान विमानात इंजिन एक, अल्टरनेटर एक आणि बहुधा वैमानिकही एकच असतो. निदान दिशाशोधनाची साधने तरी परस्परांवर अवलंबून नसावीत, एवढे मालकाच्या हातात असते.

म्हणून निवड अशी झाली. जीएनएक्स ३७५ हे उपकरण घेतले, त्यात वासचा जीपीएस आणि एडीएस-बीचा ट्रान्सपाँडर एकत्र आहेत, पण संवादाचा रेडिओ किंवा व्हीओआर नाही. त्यामुळे ते सर्वसमावेशक पेटीपेक्षा स्वस्त आहे आणि कायद्याची गरजही त्यातच भागते. केएक्स १५५ काढला नाही. तो तपासून, आकड्यांचा भाग बदलून आपल्या स्वतंत्र दर्शकासह तसाच ठेवला. जीपीएस गेला तर व्हीओआर आणि आयएलएस शिल्लक राहतात. रेडिओ गेला तर जीपीएस राहतो. एडीएफ आणि दुसरा जुना रेडिओ त्यांच्या अँटेनांसह निघाले. संवादाला पर्याय म्हणून छतावरच्या अँटेनाला जोडता येईल असा हातातला रेडिओ आसनाशेजारी ठेवला.

क्षितिजदर्शकाचा निर्णय खरे तर दिशाशोधनापेक्षा महत्त्वाचा. निर्वात पंपातील कार्बनची पाती सूचना न देता तुटतात. त्यानंतर क्षितिजदर्शकातला फिरता जायरो लगेच थांबत नाही. तो हळूहळू मंदावतो आणि क्षितिज किंचित कलत जाते. ढगातला वैमानिक त्या खोट्या क्षितिजाबरोबर विमान कलवत राहतो. अशा रीतीने अनुभवी माणसांचेही प्राण गेले आहेत. जी ५ मध्ये फिरणारा भाग नाही आणि सुमारे चार तास चालणारी स्वतःची बॅटरी आहे. दोन जी ५ बसवले, एक क्षितिजासाठी, दुसरा दिशेसाठी, आणि पंप काढून टाकला. दिशेच्या जी ५ वर जीपीएसची सुईही येते. उपलब्ध पैशात एकच बदल करता येणार असेल तर ढगांत उडणाऱ्या मालकाने हाच करावा.

बसवण्याची मजुरी उपकरणाच्या किमतीइतकी होऊ शकते, हे नवख्या मालकाला पटत नाही. काम पाहिल्यावर पटते. जुन्या तारांचे जुडगे सोडवणे, चुंबकमापक पंखात लोखंड आणि दिव्यांच्या तारांपासून दूर बसवणे, प्रत्येक दिवा व मोटर चालू-बंद करून दिशा हलते का ते पाहणे, शेवटी विमानाचे रिकामे वजन आणि गुरुत्वमध्य नव्याने लिहिणे, असे ते काम आहे. लेखकाच्या विमानात सर्व झाल्यावर उतरणीचा दर्शक अधूनमधून लाल निशाण दाखवू लागला. दोष रेडिओत नव्हता. शेपटीवरच्या अँटेनापासून पॅनेलपर्यंत येणारी केबल कारखान्यातून आलेलीच होती आणि तिचे आवरण कडक होऊन तडकले होते. ती बदलून आरजी-४०० प्रकारची केबल टाकल्यावर निशाण पुन्हा आले नाही. पॅनेल उघडे असतानाच अँटेनाच्या केबल बदलून घेणे शहाणपणाचे. नंतर त्याच कामासाठी आतली अस्तरे पुन्हा काढावी लागतात.

वापरात या मांडणीने आपली किंमत वसूल केली. सॅलिनास खोऱ्यात ढगांचा थर असताना एलपीव्हीने उतरताना सुई मध्यावर जणू ठोकून बसवल्यासारखी स्थिर असते. जुन्या रेडिओवर तिथलाच आयएलएस लावून ठेवला की दोन स्वतंत्र सुया एकच मार्ग दाखवतात, आणि त्या जुळल्या की मन निर्धास्त होते. उलट बाजूही पाहिली. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडाच्या वाळवंटात लष्कराच्या चाचण्या होतात, त्या काळात जीपीएस मिळेलच असे नाही, हे आगाऊ जाहीर होते. सिएरा ओलांडून पूर्वेकडे जाताना अशा वेळी नकाशावरचे विमानाचे चिन्ह नाहीसे झाले. जीपीएसवर चालणारी एडीएस-बीही त्याबरोबर गेली. आसनाशेजारचा टॅब्लेटही त्याच उपग्रहांवर अवलंबून, त्यामुळे तोही निरुपयोगी. रीनोजवळच्या मस्टँग व्हीओआरची सुई मात्र केएक्स १५५ वर ठाम होती. तिच्यावर विमान ठरलेल्या मार्गाने पुढे गेले आणि नियंत्रकाला स्थान तोंडी सांगता आले. अमेरिकेत जवळपास ९०० व्हीओआर केंद्रांपैकी सुमारे ५९० राखून बाकीची बंद करण्याचे धोरण आहे. उरलेले जाळे नेमके अशाच प्रसंगासाठी ठेवले आहे, पण ते ऐकणारा रेडिओ विमानात असेल तरच त्याचा उपयोग.

टॅब्लेटविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. एडीएस-बीमार्फत येणारे हवामान आणि आसपासची विमाने त्यावर सुंदर दिसतात. उतरण्याचे नकाशे कागदावर बाळगायची गरज उरत नाही. तरी ढगांतील उड्डाणात मान्यताप्राप्त उपकरणाची जागा तो घेत नाही. उन्हात काचेखाली ठेवला की तापून बंद पडतो, आणि तो नेमका अवघड वेळी बंद पडतो असा बहुतेकांचा अनुभव आहे.

उपकरण बसले की खर्च थांबत नाही. जीपीएसमधील माहितीचा संच दर २८ दिवसांनी बदलतो आणि त्याची वर्गणी भरावी लागते. व्हीओआर ढगांतील उड्डाणात वापरायचा तर दर ३० दिवसांनी त्याची तपासणी करून नोंद ठेवावी लागते. जमिनीवर ४ अंशांपर्यंत आणि हवेत ६ अंशांपर्यंत चूक चालते. उंचीमापक आणि ट्रान्सपाँडर दर २४ महिन्यांनी तपासावे लागतात, संपूर्ण विमान दर १२ महिन्यांनी. विकताना पॅनेलवर घातलेला सगळा पैसा परत मिळत नाही, हे बाजारातील प्रत्येक दलाल सांगेल आणि ते खरे आहे.

जुने विमान घेऊ पाहणाऱ्याने म्हणून चकचकीत पॅनेलवर भाळू नये. लॉगबुक मागावे, ३३७ अर्जांच्या प्रती मागाव्यात, अँटेनाच्या केबल कधी बदलल्या ते विचारावे. मग इंजिन सुरू करून एक-एक उपकरण बंद करत जावे आणि काय उरते ते स्वतः पाहावे.