बंकर नसलेलं गोल्फ

गोल्फ खेळायला विलायतेला चाललोय म्हटलं की ऐकणारा सेंट अँड्र्यूज धरूनच चालतो. समुद्र, वारा, वाळूच्या टेकड्या. आमच्यातल्या दोघांनी ते आधीच उरकलं होतं आणि तिथं कसे भिजलो ते पुण्यात पुरवून पुरवून सांगून झालं होतं. म्हणून या मे महिन्यात आम्ही समुद्राकडे पाठ फिरवली. माझा मेव्हणा क्रॉलीला, गॅटविक विमानतळाच्या शेजारी राहतो. फोनवर तो म्हणाला, "दाजी, तुम्ही नुसते या. अर्ध्या तासावर असं मैदान दाखवतो की अख्ख्या मैदानात एक बंकर नाही."

आमच्या चौघांतले एक बांधकाम व्यावसायिक आहेत. त्यांची पहिली प्रतिक्रिया, "मग पैसे कशाचे घेतात?"

मैदान म्हणजे ससेक्समधलं रॉयल ॲशडाउन फॉरेस्ट. 1888 साली सुरू झालेलं. नावात फॉरेस्ट असलं तरी घनदाट झाडी शोधायला जाऊ नये. पूर्वी ही राजेलोकांची हरणं मारायची राखीव जागा होती. आज दिसतो तो उघडा, चढउतारांचा माळ. त्यावर गुडघ्याखालचं हेदर, कंबरभर नेचे, मध्येच पाइनचे पुंजके. हेदर ऑगस्टमध्ये जांभळं होतं, आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत तोच जांभळा रंग छापलेला असतो. मे महिन्यात ते वाळक्या, तपकिरी झुडपांखेरीज काही नव्हतं. पण गॉर्स फुललं होतं. काटेरी झुडूप, गर्द पिवळी फुलं, आणि पहिल्या टीपाशी उभं राहिल्यावर आलेला वास चक्क ओल्या खोबऱ्याचा! मी आधी मेव्हण्याच्या पिशवीकडे पाहिलं. बहिणीच्या नवऱ्यासाठी त्यानं करंज्या आणल्या असतील असं वाटलं. पिशवीत फक्त केळी होती.

इंग्लंडमधलं समुद्रापासून दूरचं गोल्फ एकेकाळी फारसं कुणाला आवडत नसे. आतल्या भागातली बरीच जमीन चिकणमातीची, हिवाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. मग लंडनच्या नैऋत्येला, रेल्वेच्या टप्प्यात, सरे परगण्यातल्या हीथकडे लोकांचं लक्ष गेलं. आम्लधर्मी, वाळूमिश्रित, नापीक जमीन. धान्य पिकत नाही म्हणून शेतकऱ्याच्या कामाची नाही, पण पाणी झटकन मुरतं आणि गवत आखूड, दाट येतं. वोकिंगचा क्लब 1893 चा, सनिंगडेल 1901 चं, वॉल्टन हीथ 1904 चं. या मैदानांचे बंकर आज जगभरचे आराखडेकार अभ्यासतात. ॲशडाउनलाच ते नाहीत, आणि त्याचं कारण गोल्फमध्ये नसून एका कोर्टकज्ज्यात आहे.

हा माळ म्हणजे आपल्या भाषेत गायरान. आसपासच्या शेतकऱ्यांना इथं गुरं चारायचा हक्क होता. नेचे आणि हेदर कापून गोठ्यात अंथरायची वहिवाटही होती. 1870 च्या दशकात जमिनीचे मालक असलेल्या लॉर्ड डी ला वॉर यांनी या कापणीला हरकत घेतली. प्रकरण कोर्टात गेलं. गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या साक्षी गोळा झाल्या: किती पिढ्या कापतोय, कुठं कापतोय, कुणी कधी अडवलं का. 1881 मध्ये निकाल लागला, वहिवाट टिकली आणि 1885 मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं माळाची राखण करणारं मंडळ नेमलं गेलं. गोल्फवाले आले ते त्यानंतर तीन वर्षांनी. म्हणजे पाहुणे म्हणून. खेळा, पण जमीन उकरायची नाही. म्हणून बंकर नाहीत. जे अडथळे आहेत ते ओढे, घळी, उंचवटे आणि हेदर.

आणि हेदर पुरेसं आहे. आमच्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा चेंडू फेअरवेच्या डावीकडे जेमतेम दहा पावलं आत पडला. सगळ्यांनी पडताना पाहिला. तिथं गेलो तर चेंडू नाही. 2019 पासून नियमानं शोधायला तीनच मिनिटं मिळतात. हेदर वरून गादीसारखं दिसतं, खाली मात्र लाकडी काटक्यांचं जाळं. चेंडू त्यातून खाली सरकतो आणि वरची पानं पुन्हा मिटतात. आम्ही बुटांनी चाचपत फिरत होतो, तेवढ्यात कुत्रं घेऊन फिरायला निघालेल्या एक बाई फेअरवे ओलांडून आल्या आणि काठीनं एका ठिकाणी दाखवून पुढे गेल्या. चेंडू तिथंच होता. बँकवाल्यांनी सहा नंबरचं आयर्न काढलं. मेव्हणा म्हणाला, "काका, वेज घ्या आणि नुसता बाहेर काढा." काका कुणाचं ऐकतात! आयर्नच्या मानेला काटक्यांनी विळखा घातला, पातं हातातच डावीकडे फिरलं आणि चेंडू दोन हात पुढे जाऊन पुन्हा गडप झाला. गवताच्या रफमध्ये ताकद चालते. इथं जितकी लावावी तितकं मनगट दुखतं.

त्या बाईंसारखे लोक दिवसभर येत होते. म्हातारी जोडपी, घोडेस्वार, गळ्यात दुर्बीण अडकवलेले पक्षीवाले. इथं डार्टफर्ड वार्बलर हा दुर्मीळ पक्षी आहे, आणि उन्हाळ्यात आपल्या रातव्याचा भाऊबंद येतो. आपल्याकडे गोल्फच्या मैदानाला कुंपण, गेट, वॉचमन. इथं माणसं पार होईपर्यंत आपण क्लब टेकून उभं राहायचं. पहिल्या दोन होल्सना मला हे जाचलं. नंतर बरं वाटू लागलं, चाल आपोआप मंदावली.

सहावा होल छोटा, दीडशे यार्डांच्याही आतला. त्याला आयलंड म्हणतात, कारण ग्रीनभोवती ओढा आणि घळ आहे. मी पार केला. एवढंच सांगतो, कारण बाकीच्या होल्सबद्दल सांगण्यासारखं नाही.

इथला आणखी एक तपशील मला क्लबच्या इतिहासापेक्षा मोलाचा वाटतो. आसपासच्या कामकऱ्यांचा वेगळा क्लब होता, कँटेलूप नावाचा. बड्यांच्या क्लबात त्यांना जागा नसे. मैदानाची कामं करायची आणि बदल्यात ठरल्या वेळी खेळायचं. त्यातूनच एब मिचेल निघाला. रायडर चषकाच्या टोकावर जो सोन्याचा माणूस उभा आहे, तो हाच. दिल्लीत कॅडीगिरी करत शिकलेल्या अली शेरनं 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली, ते आठवलं. खेळ श्रीमंतांचा असतो, हात नेहमी त्यांचेच असतात असं नाही.

हा माळ नुसता सोडून दिला तर टिकत नाही, हे मेव्हण्यानं चालता चालता सांगितलं. चराई आणि कापणी थांबली की बर्च आणि पाइन चढत येतात आणि काही वर्षांत हेदर सावलीत मरतं. ब्रिटनमधलं सखल भागातलं 80 टक्क्यांहून अधिक हीथ 1800 नंतर नाहीसं झालं. काही शेतीखाली, काही लागवडीच्या जंगलाखाली, काही घरांखाली. म्हणून आता मेंढ्या आणि तट्टं मुद्दाम आणून चारावी लागतात.

खेळ संपल्यावर चहाला बसलो. शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या घरातले एक सभासद होते. आमच्या बांधकामवाल्यांना राहवेना. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं झाली. मंडळाकडे रीतसर अर्ज करून दोन-चार बंकर का खणून घेत नाही?"

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. "अर्ज मंजूर झाला तर काय करायचं, ही भीती आहे."

"म्हणजे?"

"मग पुढच्या वर्षी कुणीतरी पार्किंग मागेल."

आम्ही हसलो. बांधकामवाले हसले नाहीत. त्यांनी माळ एकूण किती एकर आहे ते विचारलं. साधारण साडेसहा हजार, म्हाताऱ्यानं सांगितलं. त्यांनी मोबाइल काढून काहीतरी गुणाकार केला, आकडा आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "आपल्याकडे हे गायरान एवढी वर्षं राहिलं नसतं. खोटं कशाला बोलू, मीच घेतलं असतं."