नागरिकशास्त्राचा तास

नागरिकशास्त्र हा आपल्याकडे नेहमीच इतिहासाच्या पाठीमागे बसणारा विषय. आता दहावीच्या पुस्तकावर त्याचे नाव राज्यशास्त्र झाले आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकून उरकायची पद्धत तीच!

गेली दोन वर्षे सुट्टीत गावी गेलो, की मी दहावीच्या मुलांना हा विषय शिकवतो. राष्ट्रपतींचे अधिकार त्यांना पाठ असतात. गल्लीतला दिवा बंद पडला तर अर्ज कुणाकडे द्यायचा, हे मात्र ठाऊक नसते.

एकदा पंचायत राज चालले होते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या, असे मी सांगत होतो. एका मुलीने विचारले, "दादा, निवडून माझी आई आलीय. मग सभेला बाबा का जातात?"

मुले हसली. ती हसली नाही. निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीवर नवऱ्याने बसावे, अशी सोय कायद्यात कुठेही नाही. उलट, ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. हे तिने वहीत लिहून घेतले. "आईला वाचून दाखवीन," म्हणाली.

मतदानाचे वय १९८९ पासून अठरा आहे. या मुलांना अजून तीन वर्षे थांबायचे आहे. प्रश्न विचारायला मात्र कोणत्याही घटनेने वयाची अट घातलेली नाही.