गुरूच्या नावावरचा एक सामना

माणसाची योग्यता त्याने स्वतः संपादिलेल्या यशावरून ठरवावी, असा व्यवहाराचा दंडक आहे. रमाकांत आचरेकरांना तो लावला तर निकाल एका ओळीत संपतो. १९३२ साली मालवणास जन्मलेल्या या क्रिकेटपटूच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. तोही १९६३-६४ च्या हंगामात, स्टेट बँकेच्या संघाकडून, मोईन-उद्-दौला स्पर्धेत, हैदराबादेस. आमच्या भीमपूरचा माणूस उच्च न्यायालयाची पायरी चढण्यास ज्या शहरी जातो, तेथेच त्यांच्या खेळाचा हा अध्याय उघडला आणि मिटला.

परंतु शिवाजी पार्कच्या धुळीत त्यांनी जे उभे केले, त्याची मोजदाद निराळ्या वहीत करावी लागते. छोट्या सचिन तेंडुलकरला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. त्याला बाद करील त्याचे ते, न झाला तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेविली. मात्र 'छान खेळलास' हे शब्द गुरुमुखातून कधी आले नाहीत, असे त्याने २०१३ साली निरोपाच्या भाषणात सांगितले. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या कोणालाही या मौनाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे बरे नव्हे. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमाकडून सचिन नाबाद ३२६ व विनोद कांबळी नाबाद ३४९ अशी ६६४ धावांची अभेद्य भागी झाली. गुरू एक, माती एक. पुढे एक दोनशे कसोट्या खेळला. दुसरा, ५४ ची सरासरी असूनही, सतराव्या कसोटीनंतर थांबला. मग गुरूचे श्रेय किती आणि शिष्याचे प्राक्तन किती? मला वाटते, गुरू पेरणीला बांधील असतो, पिकाला नव्हे. एकाचे यश त्याच्या खाती मांडावयाचे, तर दुसऱ्याचे अपयशही मांडावे लागेल, दोन्हीही अन्यायच.

दूर रशियात तमारा मोस्कविना या जोडीने बर्फावर नाचणाऱ्या खेळाडू होत्या. १९६९ साली अलेक्सेई मिशिन यांच्यासह त्यांना जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळाले, सुवर्ण हुकले. पुढे त्यांच्या शिष्यजोड्यांनी १९८४, १९९२, १९९८ व २००२ या चार ऑलिंपिकांत सुवर्णपदके जिंकली. शिष्याने आपल्याला मागे टाकावे, ही आपल्याकडे गुरूची इच्छा मानिली आहे. ती इच्छा बर्फाच्या देशातही तितकीच खरी ठरली.

आचरेकरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले. परंतु परंपरा निवर्तत नाही. त्यांचे शिष्य चंद्रकांत पंडित स्वतः पाच कसोट्या खेळले आणि मग शिकवू लागले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. पैनगंगा ओलांडली की आम्हांला विदर्भ लागतो. मालवणची वेल शिवाजी पार्कवरून अशी आमच्या दाराशी आली. गावच्या शाळेत मुलांना धावावयास, वाचावयास शिकविणारे जे कोणी असतील, त्यांना देवळाच्या उत्सवात पहिल्या रांगेत बसवावे. त्यांच्या नावावर किती सामने आहेत, हे विचारू नये.