प्लेट पांढरी आहे ना?

दादाच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. आई तो कोणालाच दाखवत नाही, तिथे आली की पान पटकन उलटते. फोटोत दादा रिक्षात बसलाय. शेरवानी, फेटा, मुंडावळ्या, सगळं जागच्या जागी. शेजारी मांडीवर कऱ्हा सांभाळत बसलेली मी, करवली. आणि मागे, फोकसच्या जरा बाहेर, झेंडूच्या माळांनी मढवलेली एक लांबलचक काळी जर्मन गाडी. रिकामी. तिच्या बॉनेटवर कागद ठेवून एक खाकी वर्दीतले साहेब काहीतरी लिहितायत.

त्या गाडीसाठी आम्ही अठरा हजार रुपये ठरवले होते.

सुरुवात माझ्यापासूनच करते. लिमोझिन मला हवी होती. दादाला नव्हे, मला! दादा आयटीवाला, त्याला लग्नासाठी आठ दिवस रजा मिळाली यातच तो खूश. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे घरच्यांच्या भाषेत 'ती काय, मोकळीच असते', त्यामुळे गाडीचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. तीन दिवस नुसती फोनाफोनी. सिनेमात असते तशी खरी ताणलेली लिमोझिन बजेटच्या पार पलीकडे निघाली. पण आपल्याकडे 'लिमोझिन सर्व्हिस' म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याने मिळणारी कुठलीही महागडी सेडान, एवढं ज्ञान त्या तीन दिवसांत झालं.

शेवटी दोन नावं उरली. पहिले चिंचवडचे एक काका. "ताई, टी-परमिटची गाडी आहे. सगळे पेपर क्लिअर. चोवीस हजार होतील. आणि आधीच सांगतो, नंबरप्लेट पिवळी असेल." दुसरा एक चटपटीत आवाजाचा मालक. तेच मॉडेल, तोच काळा रंग, अठरा हजार, फुलांची सजावट फ्री. "प्लेट व्हाईट आहे मॅडम, घरची गाडी वाटेल."

आई ऐकूनच उडाली. "पिवळ्या प्लेटची? लोक म्हणतील टॅक्सी करून आले!"

मी आईला हसले असते, पण मलाही फोटोत पिवळी प्लेट नकोच होती. सहा हजार वाचत होते हा बहाणा. खरं कारण फोटो.

लग्नाच्या आदल्या रात्री मालकाचा फोन. "मॅडम, एक छोटीशी गोष्ट. रस्त्यात कोणी विचारलंच तर मामांची गाडी आहे म्हणायचं. सगळे तसंच सांगतात." मी म्हटलं, ओके. दुसरा शब्द नाही. मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत एथिक्सच्या पेपरला मला सर्वांत जास्त मार्क होते, हे इथे सांगायला हवं.

आता ही भानगड मला तेव्हा माहीत नव्हती असं नाही. अर्धवट माहीत होती, तुम्हालाही असेल. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्यावर काळी म्हणजे भाड्याची. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची. इलेक्ट्रिक असेल तर प्लेट हिरवी, आणि तीवर अक्षरं खासगीला पांढरी, भाड्याच्या गाडीला पिवळी. आपण याला रंगसंगती समजतो. प्रत्यक्षात त्या रंगामागे कागदांची अख्खी फाइल असते.

मोटार वाहन कायदा १९८८ मधला. त्याचं कलम ६६ म्हणतं, परमिटशिवाय गाडी भाड्याने चालवायची नाही. गाडी लाखाची असो की कोटीची. कायद्याला 'लिमोझिन' हा शब्द कळत नाही. त्याला सीट मोजता येतात. ड्रायव्हर सोडून सहा प्रवाशांपर्यंत मोटार कॅब, त्याच्या पुढे बारापर्यंत मॅक्सी कॅब. बास. म्हणजे आतून मखमल, बर्फाची बादली, छताला निळे दिवे, काहीही असलं तरी कायद्याच्या नजरेत ती कॅबच! आई त्या दिवशी जे म्हणाली ते कायदेशीरदृष्ट्या शंभर टक्के बरोबर होतं. भाड्याची गाडी म्हणजे टॅक्सीच.

तर लग्नाचा दिवस. मुहूर्त बारा सत्तावीसचा. गाडी वेळेवर आली, चकाचक. ड्रायव्हर असेल तेवीस-चोवीसचा, पांढरा शर्ट, मालकाने दिलेला टाय, तो सारखा सैल करत होता. पुढे बाबा, मागे दादा, मी आणि आमची आत्या. नंबरप्लेटवर झेंडूची जाड माळ अशी बेताने सोडलेली की शेवटचे दोनच आकडे दिसावेत. मला वाटलं सजावट!

कार्यालय चार किलोमीटरवर असताना आरटीओचं वायुवेग पथक दिसलं. एका साहेबांनी हात केला. गाडी बाजूला. साहेबांनी पेनाने ती माळ उचलली, प्लेट बघितली आणि काचेपाशी आले.

"कोणाची गाडी?"

ड्रायव्हर गप्प. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "मामांची."

"मामांचं नाव?"

आता आली का पंचाईत! आमच्या खऱ्या मामाचं नाव मी सांगितलं. साहेबांच्या हातातल्या आरसी बुकवर नाव होतं एका बाईंचं. "मामींच्या नावावर आहे," मी. साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी वाकून बाबांकडे बघितलं. "काका, भाडं किती ठरलंय?"

बाबा छत्तीस वर्षं बँकेत होते, कॅशमध्ये. पैशाचा आकडा कोणी विचारला की त्यांच्या तोंडून खराच आकडा निघतो, त्याला इलाज नाही. "अठरा हजार. पाच दिलेत, तेरा कार्यालयात द्यायचेत."

संपलं. कलम २०७ प्रमाणे विनापरमिट गाडी ताब्यात घेता येते. ती घेतली. साहेबांनी स्वतः हात करून आमच्यासाठी दोन रिक्षा थांबवल्या, हेही सांगायला हवं. मुहूर्त गाठला. व्याह्यांनी काही विचारलं नाही, फक्त त्यांच्याकडच्या एका काकूंनी "अय्या, रिक्षातून!" एवढंच म्हटलं, ते आईला अजून ऐकू येतं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी बाबांवर चिडले होते. जेवणाच्या पंगतीतही बोलले नाही. काय बिघडलं असतं एकदा खोटं बोलले असते तर?

पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरचा फोन आला. माझा नंबर त्याच्याकडे पत्ता विचारण्यासाठी दिलेला होता. "ताई, तुमचे पाच हजार मालकांनी परत दिले का?" दिले नव्हते. "मला पण पगार दिला नाही. दंड तुझ्यातून वळता करतो म्हणाले." त्याचा पगार महिना चौदा हजार. लायसन्स होतं, पण प्रवासी गाडी चालवायला लागतो तो बॅज नव्हता. मालकाने कामावर ठेवताना विचारलंच नव्हतं. पांढऱ्या प्लेटच्या गाडीला बॅजवाला ड्रायव्हर कशाला?

मग मी उशिराने ते केलं जे बुकिंगच्या आधी करायला हवं होतं. कायदा काढून वाचला. विनापरमिटच्या शिक्षेचं कलम १९२अ. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. कोणाला? जो गाडी चालवतो त्याला, आणि जो ती चालवायला लावतो किंवा वापरू देतो त्याला. पहिला नंबर ड्रायव्हरचा. मी ते कलम तीनदा वाचलं. प्लेट पांढरी हवी म्हणून हट्ट धरणारी करवली त्यात कुठेच नाही.

चिंचवडच्या काकांना फोन केला. म्हटलं ओळखतील की नाही. लगेच ओळखलं, "चोवीस जास्त वाटले होते, त्या ताई ना?" शरमेने मेले. पण माणूस दिलदार. त्यांनी सहा हजारांचा हिशेब समजावला. परमिटची फी, भाड्याच्या गाडीचा वेगळा टॅक्स, वेगळा आणि महाग विमा. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस, म्हणजे यांच्या भाषेत पासिंग. खासगी नव्या गाडीला मात्र पंधरा वर्षं कोणी विचारत नाही. "ताई, तो माझ्यापेक्षा स्वस्त नाही. तो यातलं काहीच भरत नाही, एवढंच."

विम्याचं ऐकून पोटात गोळा आला. खासगी गाडीच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की गाडी भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापरलेली चालणार नाही. काका म्हणाले, "अपघात झाला की कंपनीचा पहिला प्रश्न, गाडी भाड्याची होती का? तेव्हा मामा कामाला येत नाही."

तसं पाहिलं तर सगळ्याच हौशी गाड्यांची हीच गोष्ट. लग्नात दिसणारी ती देखणी जुनी, मोठ्या गोल दिव्यांची व्हिंटेज गाडी? २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, वीस हजार रुपये फी भरून. पण त्या नोंदणीवर गाडी धंद्यासाठी वापरायची नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच रस्त्यावर आणायची, अशी अट आहे. ती ताणलेली लिमोझिन? मुळात गाडी मधून कापून लांब करणं हेच कलम ५२ मध्ये अडकतं. कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलंय.

गाड्या कापून लांब करण्यातून काय होऊ शकतं हे शोधताना मी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहॅरी नावाच्या गावी जाऊन पोचले. स्क्रीनवरूनच अर्थात. ६ ऑक्टोबर २०१८. सतरा जणांचा ग्रुप, भावंडं, नवी लग्नं झालेली जोडपी, मित्र. तिशीतल्या एका मैत्रिणीचा वाढदिवस. बिअर प्यायची म्हणून कोणी गाडी चालवायला नको, असा शहाणा विचार करून त्यांनी लिमोझिन भाड्याने घेतली. २००१ ची फोर्ड एक्सकर्जन, कापून लांब केलेली. उतारावर ब्रेक गेले. ते सतरा, ड्रायव्हर आणि रस्त्याकडेला उभे असलेले दोघं, वीस माणसं गेली.

महिनाभर आधीच सरकारी तपासणीत ही गाडी नापास झाली होती, रस्त्यावर आणू नका असा आदेश होता. ड्रायव्हरकडे तेवढ्या मोठ्या प्रवासी गाडीचं योग्य लायसन्स नव्हतं. २०२० च्या चौकशी अहवालात मालकाच्या बेफिकिरीबरोबर राज्याच्या दोन खात्यांच्या ढिलाईवरही ठपका आला. तिथल्या यंत्रणेला सगळं दिसत होतं, फक्त गाडी प्रत्यक्ष थांबवली कोणी नाही. व्यवसाय चालवणाऱ्याला २०२३ मध्ये पाच ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

मी रात्री दोन वाजता ते वाचत बसले होते. त्या सतरा जणांना काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मला आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं. आणि आमची गाडी कोणीतरी थांबवली, तर मी रागावले होते. तेही बाबांवर.

त्यांना सॉरी म्हटलं. ते पेपर वाचत होते. "अगं पण तेरा हजार वाचले की," म्हणाले.

ड्रायव्हरचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. मालकाला मी चार फोन केले, दोन उचलले, एकात मलाच ऐकवलं, "तुमच्या वडिलांमुळे झालं सगळं." शेवटी माझे पाच हजार बुडाले आणि त्याचा अर्धा पगार. बॅजसाठी अर्ज भरायला मी मदत केली. त्यात पोलिस व्हेरिफिकेशन आलं, रहिवासाचे जुने दाखले आले, ते त्याच्या गावी, परभणीकडे. ते आणायला तो दोनदा जाऊन आलाय. दरम्यान तो एका दुसऱ्या मालकाकडे लागलाय. गाडी कुठली, विचारलं, तर म्हणाला, "ताई, पांढरीच." मी काय बोलणार!

मागच्या रविवारी मावसबहिणीचा फोन आला. मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न. "तुम्ही घेतली होती ना ती काळी गाडी, भारी होती. फोटोत पाहिली. नंबर दे ना त्यांचा."

मी चिंचवडच्या काकांचा नंबर दिला. सगळा किस्सा सांगितला, रिक्षा, मामा, मामी, तेरा हजार. ती पोट धरून हसली. मग जरा थांबून म्हणाली, "ते ठीक आहे गं. पण यांच्याकडे प्लेट पांढरी आहे ना?"